पूरप्रवण लहान नगरातील सार्वजनिक ग्रंथालय : कारभार, सेवा आणि परिसरातील गावे
(महाड-पोलादपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाराष्ट्रातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये शासन चालवीत नाही. ती स्वयंसेवी संस्था चालवितात आणि शासन त्यांना अनुदान देते. या व्यवस्थेत लहान नगरातील ग्रंथालयाचा कारभार कसा चालतो, त्याच्या सेवांचे स्वरूप काय असते आणि महाड, पोलादपूर, चिपळूण यांसारख्या पूर व दरडींच्या प्रदेशात त्या ग्रंथालयावर कोणती जादा जबाबदारी येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ग्रंथालयाची 'सार्वजनिकता' ही त्याच्या नावावरून ठरत नाही, तर नगराबाहेरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत त्याची सेवा पोहोचते की नाही यावरून ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सार्वजनिक ग्रंथालय, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७, अनुदान, ग्रंथसंरक्षण, ग्रंथपेटी, तळीये, महाड.

१. प्रस्तावना

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये या गावी डोंगराचा कडा खचला आणि एक संपूर्ण वाडी मातीखाली गेली. ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, तर शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. सोळा वर्षांपूर्वी, जुलै २००५ मध्ये, याच परिसराने असाच अनुभव घेतला होता. त्या वेळी महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आदी गावांवर दरडी कोसळल्या होत्या.

अशा प्रदेशात ग्रंथालयाचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. जेथे माणसे गेली, घरे गेली, तेथे पुस्तकांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु आपत्तीनंतरच्या महिन्यांत गावकऱ्यांच्या गरजा पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. वाहून गेलेल्या शिधापत्रिकेची दुय्यम प्रत कोठे मिळेल, सातबाराचा उतारा कसा काढावा, पुनर्वसनाच्या शासननिर्णयात नेमके काय म्हटले आहे, मुलांची पाठ्यपुस्तके कोठून आणावीत, हे सारे प्रश्न मुळात माहितीचे आहेत. माहिती संघटित करून मागेल त्याला विनामूल्य देणारी जी संस्था समाजाने उभी केली आहे, तिचेच नाव सार्वजनिक ग्रंथालय. ती संस्था स्वतःच पुरात बुडाली अथवा तिचे दार नगराच्या वेशीपाशीच संपले, तर तिचा उपयोग गरजेच्या वेळी होत नाही.

२. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा दीर्घ आहे. रत्नागिरी येथील ग्रंथालयाचा आरंभ १८२८ मध्ये झाला. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे आहे. यांपैकी अनेक संस्था प्रारंभी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखल्या जात. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, वकील, शिक्षक व व्यापारी यांच्या वर्गणीवर त्या उभ्या राहिल्या. वर्गणीदारांच्या संस्था म्हणून त्यांनी मोठे कार्य केले, परंतु त्यांचा वाचकवर्ग वर्गणी देऊ शकणाऱ्या शिक्षितांपुरता मर्यादित राहिला.

'सार्वजनिक' या शब्दाचा खरा अर्थ काय, हा प्रश्न महाडनेच देशापुढे ठेवला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यात आला. त्यावरील न्यायालयीन वाद दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५ ने, राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली.

बोले ठरावातील यादीत ग्रंथालयाचा उल्लेख नव्हता. तथापि या घटनाक्रमातून ग्रंथालयाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ठराव करून संस्था सार्वजनिक होत नाही. लोक प्रत्यक्ष येऊन तिचा उपयोग करू लागतात तेव्हाच ती सार्वजनिक होते. आज ग्रंथालयाच्या दारावर जातीचा अडसर नाही. पण अनामत रकमेचा, प्रवासखर्चाचा, वेळेचा आणि 'हे आपल्यासाठी नाही' या भावनेचा अडसर शिल्लक आहे. तळीयेसारख्या डोंगरकपारीच्या गावातील विद्यार्थिनीला महाडचे ग्रंथालय कायद्याने खुले असते, परंतु एसटीच्या शेवटच्या फेरीच्या वेळेने ते बंद होते.

३. कायद्याची चौकट

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा असावा, या विचाराची मुळे मराठी प्रदेशात खोल आहेत. मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे असलेले सयाजीराव गायकवाड यांनी बडोदा संस्थानात १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या साहाय्याने नगर, तालुका व गाव अशा पायऱ्यांची मोफत ग्रंथालय व्यवस्था उभारली. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने प्रांतासाठी मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची क्रमबद्ध योजना सुचविली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. १९४८ मध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रास प्रांताचा कायदा आला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. या अधिनियमाने राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय समित्या आणि ग्रंथालय निधी यांची तरतूद केली. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांची मान्यता व अनुदान यांची पद्धत घालून दिली. ग्रंथालयांची विभागणी जिल्हा, तालुका व इतर अशी होते आणि ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास व कर्मचारी यांवरून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. मद्रास, कर्नाटक व केरळ येथील कायद्यांनी स्थानिक कराच्या जोडीने ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राने उपकर टाळून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. याचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम हितकर होता. लोकांच्या पुढाकाराने गावोगाव ग्रंथालये निघाली आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या पुढे गेली. दुसरा परिणाम चिंताजनक आहे. ग्रंथालय चालविणे हे नगरपरिषदेचे वा पंचायतीचे बंधनकारक काम राहिले नाही. जेथे उत्साही कार्यकर्ते आहेत तेथे ग्रंथालय आहे, जेथे ते नाहीत तेथे नाही. डोंगराळ, विरळ वस्तीच्या आणि मुंबईकडे स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत असे कार्यकर्ते टिकणे सर्वात कठीण असते. म्हणजे ग्रंथालयाची गरज जेथे अधिक, तेथेच ते निघण्याची शक्यता कमी, अशी ही रचना आहे.

२०१२ मध्ये राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. त्यानंतर अनेक वर्षे नवीन मान्यता आणि दर्जावाढ थांबलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ही वाढ स्वागतार्ह होती, परंतु मूळ रकमाच अल्प असल्याने लहान ग्रंथालयाच्या अर्थकारणात तिने आमूलाग्र बदल झाला, असे म्हणता येणार नाही.

४. लहान नगरातील ग्रंथालयाचा कारभार

लहान नगरातील ग्रंथालय ही सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. सभासद कार्यकारी मंडळ निवडतात आणि मंडळ ग्रंथपाल व अन्य सेवक नेमते. वर्षाचा कारभार ठरावीक क्रमाने चालतो. वार्षिक अहवाल व लेखापरीक्षित हिशेब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातात, त्यांची तपासणी होते आणि त्यानुसार अनुदान हप्त्यांनी मिळते. रायगड जिल्ह्यासाठी हे कार्यालय अलिबाग येथे आहे. अनुदानाचा निम्मा भाग सेवकांच्या वेतनावर आणि उरलेला ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज इत्यादी बाबींवर खर्ची पडतो.

या रचनेतील तीन कच्चे दुवे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला दुवा सेवकांचा. वेतनासाठी मिळणारी रक्कम इतकी मर्यादित असते की प्रशिक्षित ग्रंथपाल टिकविणे अवघड होते. परिणामी अनेक ठिकाणी एकच व्यक्ती ग्रंथपाल, लिपिक व शिपाई या तिन्ही भूमिका पार पाडते. सायंकाळच्या दोन-तीन तासांत देवघेव उरकल्यावर संदर्भसेवेसाठी वेळ उरत नाही.

दुसरा दुवा ग्रंथनिवडीचा. आर्थिक वर्षाच्या अखेरीस खर्च दाखविण्याच्या घाईत ठोक खरेदी झाली, तर कपाटे भरतात पण वाचक मिळत नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, अशी अपेक्षा आहे. मागणी-नोंदवही ठेवून तिच्या आधारे दर तिमाहीस थोडी थोडी खरेदी केल्यास ही अपेक्षा अल्प खर्चातही पुरी होऊ शकते.

तिसरा दुवा प्रातिनिधित्वाचा. कार्यकारी मंडळ सभासदांमधून निवडले जाते. जे सभासद नाहीत त्यांचा आवाज मंडळात नसतो. त्यामुळे नगरातील कथा-कादंबरीच्या वाचकाची आवड ग्रंथसंग्रहात उमटते, परंतु औद्योगिक वसाहतीतील कामगाराची, वाडीवरील शेतकऱ्याची वा आदिवासी विद्यार्थ्याची गरज उमटत नाही. मंडळावर ग्रामीण शिक्षक, महिला बचत गट व वंचित वस्त्यांचे प्रतिनिधी निमंत्रित म्हणून घेतल्यास ही उणीव अंशतः दूर होते.

अनुदानाखेरीज आणखी एक स्रोत उपलब्ध आहे. कोलकाता येथील राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून समान निधी व असमान निधी या योजनांतून ग्रंथ, इमारत, साधनसामग्री व बालविभाग यांसाठी साहाय्य करते. महाड-पोलादपूर भागाचा स्वतःचा असाही एक स्रोत आहे. मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे गावातील मंदिर, सभागृह यांसाठी दरवर्षी निधी जमवितात. गणपतीच्या वा शिमग्याच्या दिवसांत हे लोक गावी येतात तेव्हा ग्रंथालयाने त्यांच्यापुढे नेमकी व हिशेबी मागणी ठेवली, तर प्रतिसाद मिळण्याची शक्यता असते.

५. सेवांचे स्वरूप

देवघेव आणि मुक्तद्वार वाचनकक्ष या ग्रंथालयाच्या पायाभूत सेवा होत. त्यांच्या जोडीला बालविभाग, महिला विभाग, स्पर्धा परीक्षांचा अभ्यासकक्ष आणि संदर्भसेवा असावी, असे सामान्यतः मानले जाते. आजच्या परिस्थितीत अभ्यासकक्षाला सर्वाधिक गर्दी असते. लहान घरात अभ्यासाला जागा नसलेल्या विद्यार्थ्याला टेबल, उजेड आणि शांतता मिळणे ही सेवा कमी मोलाची नाही. तथापि अभ्यासकक्ष म्हणजे ग्रंथालय नव्हे. तेथे बसणारा विद्यार्थी स्वतःचीच पुस्तके घेऊन येतो व तीच वाचून जातो. त्याला संग्रहाकडे वळविणे हे ग्रंथपालाचे कौशल्य होय.

दोन सेवांकडे मात्र लहान नगरांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यांपैकी एक आहे नागरी माहितीसेवा. शासनाच्या योजना, अर्जांचे नमुने, माहितीचा अधिकार वापरण्याची पद्धत, हवामान खात्याचे इशारे, आपत्कालीन संपर्काची यादी हे साहित्य एका फलकावर व एका धारिकेत अद्ययावत ठेवता येते. त्याला खर्च जवळजवळ लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो.

दुसरी सेवा स्थानिक इतिहाससंग्रहाची. १८८३ चे कुलाबा-जंजिरा गॅझेटियर, १९६४ ची त्याची सुधारित आवृत्ती, महाड सत्याग्रहाविषयीचे साहित्य, शाळांच्या व सहकारी संस्थांच्या स्मरणिका, गावांच्या यात्रांची माहितीपत्रके, जुनी छायाचित्रे, दरडी व पुरांविषयीची वृत्तपत्रीय कात्रणे हे सारे एकत्र ठेवणारी संस्था तालुक्यात दुसरी कोणतीही नसते. कादंबरीची प्रत पुन्हा विकत घेता येते. १९२७ च्या सुमाराचे एखाद्या घरातील पत्र वा २००५ च्या दरडीत वाचलेल्या माणसाचे ध्वनिमुद्रित निवेदन पुन्हा मिळत नाही. कोणत्या डोंगरावर पूर्वी भेगा दिसल्या, कोणता झरा पावसाळ्यात अचानक गढूळ झाला, पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, ही लोकस्मृती नोंदवून ठेवली तर ती पुढील पिढीच्या सुरक्षिततेचे साधन ठरते.

६. पूर आणि ग्रंथालय : चिपळूणचा अनुभव

कोकणातील पूरप्रवण नगराच्या ग्रंथालयाचे सर्वपरिचित उदाहरण चिपळूणचे आहे. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, अर्थात 'लोटिस्मा', ही १८६४ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. जुलै २००५ च्या पुरात तिची मोठी हानी झाली. संस्था त्यातून सावरली आणि जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला झालेल्या ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तिने भूषविले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि हजारो ग्रंथ चिखलात गेले. त्यानंतर राज्यभरातील वाचक, लेखक व संस्था यांच्या मदतीने पुनर्उभारणीचे काम हाती घेण्यात आले.

या अनुभवातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, ग्रंथालयाने शांततेच्या काळात जोडलेला समाज हाच संकटात त्याचा खरा विमा असतो. दुसरी म्हणजे, पुनर्उभारणी कितीही जोमदार असली तरी पूर पुन्हा येणार हे गृहीत धरूनच नियोजन केले पाहिजे.

ग्रंथसंग्रहाच्या संरक्षणाचा विचार इमारतीपासून सुरू होतो. पूररेषेखालील तळमजल्यावर संग्रह ठेवू नये हा साधा नियम आहे. मात्र ग्रंथांनी भरलेल्या कपाटांचे वजन निवासी खोलीच्या गृहीत वजनापेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून संग्रह वरच्या मजल्यावर हलविण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. सर्व संग्रह हलविणे शक्य नसल्यास दाखलनोंदवही, दुर्मीळ ग्रंथ व स्थानिक संग्रह वर आणि सहज मिळणारे ललित साहित्य खाली, असा क्रम लावावा. तळमजल्यावरच्या वाचनकक्षात वृत्तपत्रे व टेबले असली तरी पुरात होणारी हानी भरून येण्याजोगी राहते.

दाखलनोंदवहीचे महत्त्व येथे विशेषत्वाने सांगितले पाहिजे. ग्रंथालयात काय होते याचा एकमेव पुरावा ती असते. ती बुडाली, तर काय गेले हे सिद्ध करता येत नाही, विम्याचा दावा मांडता येत नाही आणि अनुदानासाठी ग्रंथसंख्याही दाखविता येत नाही. म्हणजे ग्रंथांबरोबर ग्रंथांची आठवणही जाते. कोहा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली वापरून संगणकीय तालिका करणे आणि तिची प्रत नगराबाहेर ठेवणे हा यावरचा उपाय होय. संगणक नसल्यास नोंदवहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ते दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावे. हे काम एका आठवड्यात होऊ शकते. विमापत्रात पुराचे संरक्षण स्पष्टपणे समाविष्ट आहे की नाही, हेही पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

७. भिजलेल्या ग्रंथांचे काय करावे

४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात आर्नो नदीला पूर आला व तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे लक्षावधी ग्रंथ व कागदपत्रे भिजली. देशोदेशीचे तरुण चिखलातून ग्रंथ काढण्यासाठी तेथे जमले. भिजलेल्या ग्रंथांवरील आधुनिक उपचारशास्त्राला त्या घटनेपासून चालना मिळाली. त्यातील मुख्य सूत्रे लहान ग्रंथालयालाही अमलात आणता येतात.

उष्ण व दमट हवेत भिजलेल्या कागदावर ४८ ते ७२ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून पहिले दोन दिवस निर्णायक असतात. पाणी शोषल्याने ग्रंथ फुगतात आणि कपाटात घट्ट अडकतात. ओढल्यास पुठ्ठा व कणा निखळतो, यास्तव कपाटाच्या फळीची एक बाजू मोकळी करून ते काढावेत. चिखलाने माखलेला ग्रंथ उघडू नये. तो मिटलेलाच धरून स्वच्छ पाण्यात अलगद धुवावा. पाने एकेक करून सोडविण्याचा प्रयत्न करू नये. थोडे ओले ग्रंथ उभे करून, पाने पंख्यासारखी किंचित पसरून, सावलीत व वाहत्या हवेत वाळवावेत. अधिक ओल्या ग्रंथांत काही पानांच्या अंतराने शोषक कागद घालून तो वारंवार बदलावा. कडक उन्हात पाने आक्रसतात व वाकडी होतात.

गुळगुळीत मुलामा असलेल्या कागदाची सचित्र पुस्तके एकदा दबून वाळली की त्यांची पाने कायमची चिकटतात. अशा ग्रंथांसाठी आणि संख्या मोठी असल्यास सर्वांसाठीच गोठवणे हा उपाय जगभर वापरला जातो. उणे १८ अंश सेल्सिअस वा त्याखाली गोठविलेल्या ग्रंथाची हानी तेथेच थांबते आणि पुढे सवडीने, थोडे थोडे करून ते वाळविता येतात. कोकणपट्टीवर मासळीसाठी शीतगृहे आहेत. त्यांपैकी एखाद्या चालकाशी आगाऊ बोलणे करून ठेवले तर हा उपाय आवाक्याबाहेरचा राहत नाही. जुलैच्या कोकणात हवाच इतकी ओली असते की केवळ पंख्यांवर विसंबणे पुरेसे नसते. बुरशी धरलेले ग्रंथ हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

सर्व ग्रंथ वाचविता येत नाहीत. म्हणून आधी काय उचलायचे याची क्रमवार यादी भिंतीवर लावलेली असावी. संकटाच्या रात्री विचार करण्यास वेळ नसतो.

८. नगराच्या वेशीपलीकडे

महाड हे २०११ च्या जनगणनेनुसार तीस हजारांहून कमी वस्तीचे नगर आहे. तालुक्याची बहुसंख्य प्रजा गावांत व वाड्यांत राहते. नगरातील ग्रंथालयाने या प्रजेपर्यंत पोहोचण्याचा सर्वात स्वस्त मार्ग ग्रंथपेटीचा आहे. बडोदा संस्थानात गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच लाकडी पेट्यांतून ग्रंथ खेड्यापाड्यांत पाठविले जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेला 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम याच कल्पनेचे आधुनिक रूप होय. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेल्यावर पाचगणीजवळ जे भिलार लागते, तेथे मे २०१७ पासून घराघरांत ग्रंथ ठेवून 'पुस्तकांचे गाव' उभे राहिले. डोंगरावरील गावात ग्रंथ नांदू शकतात, याचे ते जवळचेच उदाहरण आहे.

महाड-पोलादपूरसाठी ग्रंथपेटीची रचना पुढीलप्रमाणे करता येईल. प्रत्येक पेटीत चाळीस-पन्नास ग्रंथ असावेत. त्यांत बालसाहित्य, शेती व आरोग्यविषयक पुस्तके, चरित्रे, कथा यांबरोबर एक माहितीधारिका असावी. शाळा, अंगणवाडी वा बचत गट यांपैकी एकाने तिची जबाबदारी घ्यावी. पेट्या दर तीन महिन्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावी फिराव्यात. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात प्रत्येक पेटीत आपत्तीविषयक माहिती घालावी. दरडीची पूर्वचिन्हे कोणती, स्थलांतर केव्हा व कोठे करावे, कागदपत्रे कशी जपावीत, हे सोप्या मराठीत छापलेले एक पत्रक पुरे होते. कागदपत्रांच्या प्रती काढून जलरोधक पाकिटात ठेवण्याचे शिबिरही ग्रंथालयाला घेता येईल.

जीव वाचविणे हे ग्रंथालयाचे काम नाही आणि एका पत्रकाने कडा खचायचा थांबत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण, धोक्याच्या वस्त्यांचे वेळीच पुनर्वसन व प्रशासनाची तत्परता यांना पर्याय नाही. मात्र सर्वेक्षणाचा अहवाल इंग्रजीत कचेरीत पडून राहणे आणि त्याचा मराठी सारांश गावच्या शाळेत वाचला जाणे, यांत फरक आहे. हा फरक भरून काढणे हेच ग्रंथालयाचे कार्य होय. पुनर्वसित वस्त्यांबाबत तर ही गरज अधिकच आहे. घर नवे मिळते, पण चावडी, पार व मंदिराचे अंगण मागे राहते. नव्या वसाहतीच्या आराखड्यात ग्रंथालयासाठी एक खोली असली, तर लोकांना एकत्र बसण्याचे ठिकाण मिळते आणि मुलांच्या शिक्षणाचा तुटलेला धागा जोडला जातो.

९. महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालयीन ग्रंथालय व सार्वजनिक ग्रंथालय यांचा संबंध बहुधा औपचारिक राहतो. वस्तुतः लहान नगरात प्रशिक्षित ग्रंथपाल, संगणक आणि मनुष्यबळ या तिन्ही गोष्टी महाविद्यालयातच एकत्र आढळतात. प्राध्यापकवर्गाला पुढील कामांत सहभागी होता येईल. ग्रंथालयशास्त्र जाणणाऱ्या ग्रंथपालांनी सार्वजनिक ग्रंथालयाची तालिका संगणकावर आणण्यास साहाय्य करावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दाखलनोंदवहीची छायाचित्रण-प्रत, ग्रंथपेट्यांची ने-आण व वाचनसत्रे हे विषय घ्यावेत. इतिहास व मराठी विभागांनी लोकस्मृतीचे ध्वनिमुद्रण प्रकल्प म्हणून करावे आणि त्याची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. भूगोल विभागाने तालुक्यातील पूररेषा व दरडप्रवण उतारांचे नकाशे मराठीत तयार करावेत. दोन्ही ग्रंथालयांनी परस्परांच्या तालिकांच्या प्रती सांभाळल्या, तर एकाचे नुकसान दुसऱ्याच्या साहाय्याने मोजता येईल. अर्थात दोन्ही इमारती एकाच पूररेषेखाली असल्यास तिसरी प्रत तालुक्याबाहेर ठेवावी लागेल.

यांतील एकही काम मोठ्या निधीची अपेक्षा करीत नाही. प्रत्येक कामाला जबाबदार व्यक्ती आणि ठरलेली तारीख मात्र हवी. वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने, या कामांचा आढावा जाहीरपणे घेतला जावा.

१०. निष्कर्ष

महाराष्ट्राची ग्रंथालय व्यवस्था लोकांच्या पुढाकारावर उभी आहे. हे तिचे बळ आहे आणि मर्यादाही. या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) अनुदानाधिष्ठित पद्धतीत दुर्गम भाग आपोआप मागे पडतो. म्हणून नगरातील ग्रंथालयाने तालुका हेच आपले सेवाक्षेत्र मानले पाहिजे.

२) कार्यकारी मंडळात सभासद नसलेल्या समाजघटकांचे प्रतिनिधित्व असल्याशिवाय ग्रंथनिवड व सेवा यांत त्यांच्या गरजा उमटत नाहीत.

३) पूरप्रवण नगरात दाखलनोंदवहीची बाहेरगावी ठेवलेली प्रत, संग्रहाची उंचीनुसार मांडणी आणि बचावाची अग्रक्रम-यादी या तीन गोष्टी किमान गरजेच्या आहेत.

४) नागरी माहितीसेवा व स्थानिक इतिहाससंग्रह या दोन सेवा अल्पखर्चिक असून त्या अन्य कोणतीही संस्था देत नाही.

५) ग्रंथपेटी व महाविद्यालयांचे सहकार्य यांच्या साहाय्याने सेवा वाड्यांपर्यंत नेता येते.

महाडच्या तळ्याचे पाणी सर्वांसाठी आहे, हे सिद्ध करण्यास माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. ग्रंथालयाच्या बाबतीत हा प्रवास उलट दिशेने होण्याची आवश्यकता आहे. ग्रंथ सर्वांसाठी आहेत हे दाखविण्यासाठी आता ग्रंथालयानेच तळीयेपर्यंत गेले पाहिजे.